कापसाचा डावा खांदा

ताठ कणा हा चारित्र्याचा पाया आहे. माणूस आतून कसा आहे, हे त्याच्या पाठीकडे पाहून ओळखावं. हे विचार माझे नाहीत. अमरावतीत अंबापेठेत मी बायकांसाठी शिवणाचा वर्ग काढला, तेव्हा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्या बाईंनी ते मांडले, आणि पाऊण तास मांडत राहिल्या. त्या बोलत होत्या तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दीड इंच वर आहे. श्रोत्यांमधल्या बायका आळीपाळीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्या खांद्याकडे बघत होत्या. शेवटी बाईंच्याही लक्षात आलं असावं, कारण ‘अर्थात, मनाचा कणा’ अशी दुरुस्ती करून त्यांनी भाषण आवरतं घेतलं.

त्यानंतर तीसेक वर्षं मी बायकांच्या पाठी मोजल्या. चारित्र्य एकीच्याही पाठीवर आढळलं नाही. तीळ मात्र पुष्कळ. त्या पाहुण्या बाई पुढे माझ्याकडे शिवायला येऊ लागल्या. त्यांचाही एक खांदा अर्धा इंच उतरता होता. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. धंद्यात काही गोष्टी शिवणीच्या आत ठेवायच्या असतात.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामाची एक गोष्ट ठाऊक नसते. शिंपी पोलक्याची पाठ बेततो तेव्हा कापड आधी दुमडतो. घडीवर अर्ध्या पाठीचा आकार आखायचा, एकदाच कात्री चालवायची, घडी उलगडली की अख्खी पाठ तयार. वेळ वाचतो, कापड वाचतं. मात्र या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. त्या नसतात. साधारण पाव इंचाचा फरक सगळ्यांनाच असतो आणि तो कापड सांभाळून घेतं.

त्यात आमच्याकडे त्या काळी बायका अंगावरून माप द्यायच्या नाहीत. शिंपी पुरुष, त्याच्यापुढे हात वर करून कोण उभं राहणार? मग जुनं पोलकं पाठवायचं. त्यावरून नवं, त्या नव्यावरून पुढचं. पहिल्या पोलक्यात झालेली चूक अशी पिढ्यान्‌पिढ्या चालायची. मी बाई असल्यामुळे अंगावर टेप लावू शकत होते, आणि डावी-उजवी बाजू वेगळी मोजत होते. माझ्या धंद्याचं सगळं गुपित एवढंच.

दोन्ही बाजू मोजायची सवय मला माझ्याच पाठीने लावली. वडील अकोल्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते, त्यामुळे घरात पुस्तकं भरपूर आणि बाकी सगळं बेताचं. मी तेरा वर्षांची असताना माझं पोलकं एका बाजूने वर चढायला लागलं. आईने शिंप्याला फैलावर घेतलं. शिंप्याने उसवून पुन्हा शिवलं. पुन्हा चढलं. आईने शिंपी बदलला. दोन वर्षांत चार शिंपी झाले आणि अकोल्यात एकालाही सरळ शिवता येत नाही, असं तिचं ठाम मत झालं. दरम्यान, कोणी म्हणालं दप्तर एकाच खांद्यावर घेते म्हणून. मी खांदा बदलला. कोणी म्हणालं कळशी उजव्या कमरेवर घेते म्हणून. मी डाव्या कमरेवर घेऊ लागले. एका हाडवैद्याने फळीवर झोपायला सांगितलं. मी फळीवर झोपले. कण्याने यातल्या कशाचीच दखल घेतली नाही. शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांना माझा खांदा ही शिस्तभंगाची बाब वाटे. ‘सीधे खडे रहो’ असं ते दर शनिवारी मला एकटीला उद्देशून ओरडत. मी जमेल तितकी सीधी उभी होतेच.

चौथ्या शिंप्याने अखेर आईला सांगितलं, “बाई, माह्या शिवनात खोट नाई. पोरीले दवाखान्यात न्या.” दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पाठीची एक्स-रेची काच उजेडात धरून दाखवली. कणा सरळ जाण्याऐवजी आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळला होता. तो नुसता वळत नाही, वळताना पिळतोही, म्हणून एका बाजूचा खवाटा वर उचलला जातो. दुखत फारसं नाही, त्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही. मुलगी उंच होत असते त्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने वाढतं आणि उंची थांबली की बहुधा तेही थांबतं. “दोन वर्षं आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं,” डॉक्टर म्हणाले. ती दोन वर्षं आम्ही शिंपी बदलण्यात घालवली होती.

लग्नाच्या बाजारात माझी पाठ तीन घरांनी पाहिली आणि नाकारली. चौथ्या घराने न पाहताच होकार दिला, म्हणून मी नकार दिला. त्यांना काहीतरी लपवायचं असणार असं मला वाटलं. त्यानंतर मी शिवणाची पदविका घेतली आणि अमरावतीला आले.

विमल माझ्याकडे आली ती उन्हाळी वर्गाला. साठ सालच्या आसपासची गोष्ट. वय साडेतेरा, लांब वेणी, आणि बोलण्यात कोणाला हार जाणारी नाही. गावाकडे काळी जमीन, कापूस-ज्वारी. शिक्षणासाठी आई दोन मुलींना घेऊन शहरात खोली करून राहत होती. आईचं नाव गोदाबाई. थोरली शांता लग्नाची झाली होती.

माझ्या वर्गात मुली सतरंजीवर कापड पसरून ओणव्या होऊन बेतायच्या. मी मागून फिरत असायचे. दहा-बारा पाठी एका ओळीत ओणव्या असल्या की त्यातली वेगळी पाठ ओळखायला डॉक्टर लागत नाही. विमलच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली होती. वेणी मात्र ओळंब्यासारखी सरळ खाली लोंबत होती आणि तिच्या शेजारी कणा कुठे चाललाय ते स्पष्ट दिसत होतं.

मी गोदाबाईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग दार लोटलं.

“हे पाहा बाई,” त्या म्हणाल्या, “शांतीचं जमून राहिलं एका ठिकानी. या टायमाले लहानीचं वाकडं निगालं म्हनून बोभाटा झाला, तं मोठीले कोन पुसते? म्हनतीन, घरान्यातच खोट हाये.”

“दवाखान्यात तर दाखवा.”

“दाखवू नं. शांतीचं होऊ द्या, मंग दाखवू. तवरीक तुमी काईतरी करा. लोक म्हनतात तुमच्या हातात जादू हाये.”

मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची होते. ‘तुमच्या हातात जादू आहे’ असं कोणी म्हटलं की त्यापुढचं मागचं काही ऐकू न येण्याचं ते वय. शिवाय हे काम मला येत होतं. माझ्यावरच शिकले होते. डाव्या खांद्याच्या शिवणीत कापसाची छोटी गादी घालायची. डाव्या पाठीच्या खोलगट भागात अस्तराच्या आत पातळ थर द्यायचा. पाठ घडीवर न बेतता दोन बाजू वेगळ्या बेतायच्या. पट्ट्यापट्ट्यांचं किंवा चौकटीचं कापड चुकूनही घ्यायचं नाही, कारण सरळ रेघ चहाडखोर असते. बारीक फुलांचं घ्यायचं. साडी नेसायला लागली की पदर डाव्या खांद्यावर येतो आणि गादीवर पांघरूण पडतं.

विमलला ते पोलकं घालून आरशापुढे उभं केलं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. गोदाबाईंनी तिला तीनदा वळवून पाहिलं. “काई कळत नाई व माय,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात गावाकडच्या तिळाचा डबा दिला. विमल स्नेहसंमेलनात नाचली. तिचा उत्साह पाहून इतर मुलींनीही मला तसंच पोलकं शिवायला सांगितलं.

वाढत्या मुलीचं पोलकं चार-सहा महिन्यांत आखूड होतं. त्यामुळे मला नवी पोलकी शिवावी लागत होती. दुसऱ्या पोलक्याला गादी थोडी जाड लागली. तिसऱ्याला आणखी. मी कापूस पिंजून घालत होते आणि आरशात सगळं सरळ दिसत होतं. चौथ्या वेळी मी टाचण्या लावत असताना विमल आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाली,

“बाई, एक सांगा. गादी वाढून राहिली का मी?”

“उभी राहा नीट.”

“तेच तं. कशी उभी राहू? मले आताशा बिनगादीचं आरशात पाह्यलं की दुसरीच पोट्टी वाटते.”

ती हसली. मी हसले नाही. त्या दिवशी ती गेल्यावर मी तिची आधीची तीन पोलकी शोधली. आखूड झालेली पोलकी मुली वर्गातच टाकून जात. त्यांचं अस्तर सरावाला कामी यायचं. मी तिन्हींच्या गाद्या उसवून काढल्या आणि मेजावर ओळीने ठेवल्या. पहिली बोटाच्या पेराएवढीही जाड नव्हती. तिसरी लहान मुलाच्या उशीसारखी होती. सव्वा वर्षात तिचा कणा किती गेला, याची नोंद कोणा डॉक्टरकडे नव्हती. ती माझ्याकडे होती, कापसात केलेली, आणि मीच ती अस्तराच्या आत शिवून टाकत होते.

माझ्या आईला पोलकं वाकडं दिसत होतं, म्हणून निदान दोन वर्षांनी का होईना आम्ही दवाखान्यात पोचलो. विमलचं पोलकं तर कधीच वाकडं दिसणार नव्हतं. ती व्यवस्था मी केली होती.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंना सांगितलं, की यापुढे गादी घालणार नाही. आधी नागपूरच्या दवाखान्यात न्या. अजून तिची उंची वाढते आहे तोवर काही होऊ शकतं.

“आतालोक घातली नं? मंग आताच काहून नाई?” गोदाबाई म्हणाल्या. “येत्या पंधरवड्यात शांतीचा साखरपुडा हाये. ते लोक येतीन, पाहतीन.”

“साखरपुडा शांताचा आहे. विमलला पाहायला कोणी येत नाही.”

“तुमाले नाई समजनार बाई ते. तुमचं सोताचं काई जमलं नाई, म्हनून दुसऱ्याच्या पोरीचं मोडाले निगाले काय?”

हे मला लागायला हवं होतं. थोडं लागलंही. पण वाक्य इतकं नेटकं होतं, की मनातल्या मनात दाद द्यावी लागली. मी म्हटलं, “माझं जमलं नाही ते माझी पाठ दिसली म्हणून. विमलची दिसत नाहीये म्हणून ती वाढते आहे. तुम्हीच ठरवा.”

गोदाबाईंनी मेजावरचं तिसरं पोलकं उचललं. “ते गादी टाका पह्यले यात. होती तशी,” त्या म्हणाल्या. मी ती परत आत घालून शिवून दिली. वस्तू त्यांची होती. ते पोलकं पिशवीत कोंबून त्या बाजारातल्या शिंप्याकडे निघून गेल्या.

बाजारातला शिंपी प्रामाणिक माणूस होता. त्याच्यापुढे मापाचं पोलकं आलं. त्याने रीतीप्रमाणे त्याचा अर्धा भाग कापडाच्या घडीवर ठेवून आखला. अर्धा भाग त्याने डावा घेतला, कारण तो मोठा होता आणि कापड कमी पडण्यापेक्षा जास्त पडलेलं बरं. मग पाहतो तर मापाच्या पोलक्यात एका खांद्याला गादी आहे आणि दुसऱ्याला नाही. आधीच्या शिंपिणीकडून एक गादी राहून गेली, असा त्याने सरळ अर्थ लावला आणि मोठ्या मनाने माझी चूक दुरुस्त केली. दोन्ही खांद्यांना गाद्या घातल्या. नवं पोलकं साखरपुड्याच्या सकाळी मिळालं.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी विमलने सांगितलं. ती शाळेला न जाता थेट वर्गात आली होती, ते पोलकं हातात धरून. मागे गोदाबाई, पण दाराशीच थांबलेल्या.

“पाहा हे,” विमल म्हणाली. “चहाचे कप घेऊन गेली मी मांडवात. माह्या मावशीनं मोठ्यानं इचारलं, हा कोनता पैलवान आला व घरी? सारे हासले. नवरदेवबी हासला. उजवी बाजू पह्यलेच वर, त्याच्यावर ही गादी, मान दिसतच नोयती मले माही.”

“मग?”

“मंग काय, आतमंदी गेली, काढून फेकलं, शाळेचं जुनं पोलकं घातलं आन तशीच फिरली दिवसभर. कोनालेच काई नाई वाटलं. तिकडची एक आत्याबाई मले म्हने, खांदा असा काहून व तुहा? मी म्हटलं, असाच हाये. तं म्हने, बरं, पानी आन.”

“आणि शांताचं?”

“झालं नं. अकोल्याचे लोक हायेत ते. त्यायचं सारं ध्यान जेवनातल्या पुऱ्यायकडं होतं.”

गोदाबाई अजून दारातच होत्या. मी त्यांना आत बोलावलं, दार लावलं, विमलला पाठमोरी उभी केली आणि वेणी पुढे घ्यायला सांगितली. मग कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि तिच्या मानेपासून कमरेपर्यंत कण्याच्या एकेका मणक्यावर ठिपका देत गेले. सगळे ठिपके झाल्यावर जोडले. आखलेली रेघ मी आयुष्यभर वाचत आले आहे. एवढी वेडीवाकडी रेघ मी स्वतः कधी आखली नव्हती.

गोदाबाई पुढे आल्या. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, वरून खाली आणि परत खालून वर. आईनेही ती पाठ सव्वा वर्षात उघडी पाहिली नव्हती. मुलगी मोठी झाली की आई तिला न्हाऊ घालत नाही.

“एवढं?” त्या म्हणाल्या. “हे कदी झालं?”

“माझ्यासमोर झालं,” मी म्हटलं. “दर चार-सहा महिन्यांनी मी मोजत होते.”

त्यांनी मला काहीतरी बोलायला हवं होतं. त्या पदराने खडू पुसायला लागल्या, आणि मग पुसायचं थांबवून म्हणाल्या, “नागपूरची गाडी बडनेऱ्याहून किती वाजता असते?”

मीही सोबत गेले. माझ्या पाठीचा उपयोग झाला, कारण दवाखान्यात रांगेत लोक आम्हाला आपोआप पुढे जाऊ देत होते. कोण आजारी आहे याबद्दल त्यांचा गैरसमज होता आणि तो मी दूर केला नाही. डॉक्टर थोडक्यात बोलणारे होते. काच पाहून म्हणाले, “पूर्ण सरळ होणार नाही. पण वाढ बाकी आहे, वाकणं थांबवता येईल. वर्षभर प्लास्टर. सहा महिने आधी यायला हवं होतं.” सहा महिन्यांपूर्वी मी तिसरी गादी भरत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. इथे सांगते आहे.

प्लास्टर घालायची रीत मी पाहिली आणि मला ती व्यवसायबंधूची वाटली. हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा लावून विमलला वर ताणून धरलं, टाचा जेमतेम टेकतील इतकी. मग दवाखान्यातली माणसं प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या मानेपासून कमरेपर्यंत गुंडाळत गेली. ताणून, माप अंगावरच घेऊन, अंगावरच शिवण. दोन तासांनी ती पांढऱ्या रांजणासारखी बाहेर आली. मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे.

“मस्त हाये,” ती म्हणाली. “आता कोनी मागून हाक मारली तं येनाऱ्यानंच पुढं यावं.”

त्या रांजणावर घालायला मी तीन झगे शिवले. प्लास्टर दोन्हीकडून सारखंच गोल होतं, त्यामुळे विमलचा कपडा मी पहिल्यांदाच घडीवर बेतला. शाळेत ती तशीच जायला लागली. पोरांनी ‘टाकी’ म्हणायला सुरुवात केली. एकाच्या पाठीत तिने कोपर मारलं. कोपरालाही प्लास्टरचा जोर होता. शांताच्या लग्नात ती मांडवाच्या दाराशी उभी राहून पाहुण्यांना अत्तर लावत होती. विचारणाऱ्याला सांगत होती, “वाकडी होत होती, डॉक्टरनं थांबवली.” गोदाबाई आधी दर वेळी ‘पायरीवरून पडली’ अशी दुरुस्ती करायच्या. दुपारच्या पंगतीपर्यंत त्या कंटाळल्या आणि त्याही खरं सांगायला लागल्या.

मीही त्या वर्षात धंद्याची एक रीत बदलली. गादी अजूनही घालत होते. ज्या बाईची वाढ संपली आहे तिने सरळ दिसावं यात गैर काही नाही. पण अठराच्या आतल्या मुलीला गादी नाही, आधी दवाखान्याचा कागद. काही गिऱ्हाईकं तुटली. काही आया भांडून गेल्या. त्यातल्या चौघीजणी कागद घेऊन परत आल्या.

वर्ष भरलं. मधे दोनदा प्लास्टर बदललं होतं, पण ते लगेच नवं चढवण्यासाठी. या खेपेला कायमचं निघणार होतं. नागपूरला गोदाबाई, शांता, जावई, मी, अशी सगळी फौज गेली. गोदाबाईंनी नारळ आणि पेढे आणले होते आणि त्या सकाळपासून पाणीही प्यायल्या नव्हत्या. कापणाऱ्याने दोन्ही बाजूंनी कापत आणलं, कवच उघडलं आणि ते कलिंगडासारखं दोन फाकांत बाजूला झालं. डॉक्टरांनी नवी काच जुन्या काचेशेजारी धरली. बराच वेळ पाहिली. “थांबलंय,” ते म्हणाले. गोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. जावयांनी उगाचच डॉक्टरांना नमस्कार केला. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना आत बोलावलं, रुग्णाचं धैर्य आणि मातेचं सहकार्य यांवर चार शब्द बोलले, आणि मग विमलकडे वळून म्हणाले, “बोल बेटी, वर्षभरानंतर मोकळी झालीस. काय वाटतंय?”

विमलला ऐकू गेलं नाही. ती भिंतीच्या कोपऱ्याला पाठ लावून खाजवत होती, आणि पुढचा अर्धा तास तेच करत होती.